पत्र्याच्या ट्रंकिंगमधलं वायरिंग : अर्थिंगची कोणती पद्धत निवडायची?

आजचा धडा वर्कशॉप, प्रिंटिंग प्रेस, गारमेंट युनिट, छोटा कारखाना अशा ठिकाणी काम घेणाऱ्या वायरमन आणि छोट्या कॉन्ट्रॅक्टरांसाठी आहे. जागेचा मालक हे वाचत असेल तर त्यालाही उपयोग होईल, कारण कोटेशनमधली कोणती ओळ खोडायची नाही हे त्याला कळेल.

दुकानात ट्रंकिंगचा माल घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अहो, पत्र्याचाच तर ट्रंक आहे, तोच अर्थ झाला. हिरवी वायर कशाला वाढवता?" हे वाक्य पूर्ण चुकीचं नाही, आणि यातच खरी गोम आहे. पत्र्याचा ट्रंक अर्थचा रस्ता होऊ शकतो. पण तो कधी होतो, कधी होत नाही, आणि झाला तरी त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे हिशोबाने ठरवायला हवं. आज तो हिशोब करू. आकडे थोडे आहेत, पण गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही.

आधी हे ठरवा : फॉल्टचा करंट परत कुठून जाणार?

अर्थिंगची दोन कामं असतात. पहिलं, फेज बॉडीला लागली की इतका करंट वाहायला हवा की सप्लाय लगेच तुटेल. दुसरं, तो तुटेपर्यंत माणसाच्या हाताला लागणाऱ्या दोन धातूंमध्ये धोकादायक व्होल्टेज येता कामा नये.

पहिलं काम होईल की नाही हे ट्रंकवर नंतर अवलंबून आहे, आधी सप्लायवर. दोन परिस्थिती असतात.

परिस्थिती अ : जागेला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, आणि ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल व तुमच्या पॅनेलचा अर्थ बार धातूने जोडलेले आहेत. इथे फॉल्टचा करंट तांब्या-लोखंडातून परत जातो.

परिस्थिती ब : खांबावरून लो टेन्शन कनेक्शन आलंय, सोबत अर्थ आलेला नाही, आणि तुम्ही स्वतःचा अर्थ पिट केलाय. इथे करंटला मातीतून परत जावं लागतं. छोट्या गाळ्यांमध्ये ही परिस्थिती नेहमीची.

आता परिस्थिती ब चा हिशोब बघा. समजा तुमचा पिट ५ ओहम आहे. बरेच जण म्हणतील, छान आहे. तिकडे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं अर्थिंग २ ओहम धरा. मशीनमध्ये फेज बॉडीला लागली.

करंट = २३० ÷ (५ + २) = साधारण ३३ अँपिअर.

सर्किटवर सी कर्व्हचा २० अँपिअरचा एमसीबी आहे. सी कर्व्हचा एमसीबी तत्काळ पडण्याची खात्री रेटिंगच्या दहापट करंटला असते, म्हणजे २०० अँपिअरला. ३३ अँपिअर हा त्याच्यासाठी किरकोळ ओव्हरलोड. तो गरम होऊन पडायला काही मिनिटं लागू शकतात.

आणि त्या मिनिटांमध्ये बॉडीवर किती व्होल्ट? ३३ गुणिले ५, म्हणजे जवळपास १६५ व्होल्ट. ट्रंक सगळीकडे जोडलेला आहे, म्हणून हे व्होल्टेज एका मशीनपुरतं राहत नाही. ते ट्रंकबरोबर शेडभर फिरतं. एका टोकाच्या मशीनमधला बिघाड दुसऱ्या टोकाच्या कामगाराच्या हाताला लागतो. ट्रंकच्या बाबतीत अर्थिंग इतकं मनावर का घ्यायचं, त्याचं उत्तर हे आहे.

म्हणून पक्कं लक्षात ठेवा : परिस्थिती ब मध्ये एमसीबी आणि पिट एवढ्यावर सुरक्षितता येत नाही. तिथे आरसीसीबी लागतोच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात पडायला हवा. आपल्या उदाहरणातल्या ३३ अँपिअरला तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पडेल. मशीनच्या सर्किटांवर ३० मिलिअँपिअरचे, आणि मेनला हवा असल्यास १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, उशिरा पडणारा, अशी रचना ठेवा. म्हणजे एका मशीनमुळे पूर्ण शेड अंधारात जाणार नाही.

इथे एक जण विचारणारच, "आरसीसीबी आहे ना, मग ट्रंकचा अर्थ नीट नसला तरी काय बिघडलं?" बिघडतं. ट्रंक अर्थपासून तुटलेला असेल तर फेज लागल्यावर करंट वाहायला रस्ताच नसतो. गळती नाही म्हणून आरसीसीबी गप्प बसतो. पहिला रस्ता मिळतो तो ट्रंकला हात लावणाऱ्या माणसाचा. आरसीसीबी पडेल, पण झटका बसल्यावर. आणि तो माणूस शिडीवर उभा असला तर? झटका अर्थ वायरने खायचा असतो, माणसाने नाही.

पत्र्याचा हिशोब : धातू पुरतो, जोड पुरत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १०० × ५० मिमीचा, १.२ मिमी जाड पत्र्याचा ट्रंक घ्या. झाकण मोजायचं नाही, ते कधीही काढलं जातं. तळ आणि दोन भिंती मिळून २०० मिमी पत्रा. २०० गुणिले १.२, म्हणजे २४० चौ. मिमी पोलाद. पोलादाचा रोध तांब्याच्या साधारण साडेआठपट. म्हणजे हा ट्रंक जवळपास २८ चौ. मिमी तांब्याच्या तोडीचा झाला! २५ मीटर लांबीचा रोध फक्त ०.०१६ ओहमच्या आसपास येतो.

बघितलंत? "पत्रा आहे ना" म्हणणारा माणूस पत्र्याबद्दल बरोबरच बोलतोय. पण ट्रंक २५ मीटर सलग येत नाही. अडीच मीटरच्या नगांचा धरला तर दहा नग, नऊ जोड. प्रत्येक जोडावर पावडर कोटिंगचा थर. वरून दोन स्क्रू, त्यातला एक मशीनच्या थरथरीने ढिला. कोकणपट्टीत किंवा डाइंगच्या युनिटमध्ये वर्षभरात गंज. आणि पुढच्या वर्षी एसीवाला येऊन मधला एक नग काढून उलटा लावून जातो.

आता परिस्थिती अ मधला हिशोब करू. ट्रान्सफॉर्मरपासून डीबीपर्यंतचा फॉल्ट लूप मोजला तर ०.३५ ओहम आला असं धरा. २५ मीटर लांब सर्किट, ४ चौ. मिमी तांब्याची फेज वायर. गरम अवस्थेत तिचा रोध साधारण ०.१५ ओहम. एमसीबी सी कर्व्ह, २० अँपिअर. तो लगेच पडायला २०० अँपिअर हवेत, म्हणजे एकूण लूप २३० ÷ २०० = १.१५ ओहमच्या आत हवा.

फक्त ट्रंकचा रस्ता, जोड उत्तम असतील तर : ०.३५ + ०.१५ + पत्रा ०.०१६ + नऊ जोडांचे मिळून, समजा, ०.०५. बेरीज ०.५७ ओहमच्या आसपास. एमसीबी पडणार.

तोच ट्रंक, पण प्रत्येक जोडावर ०.१ ओहम आला तर : नऊ जोडांचे ०.९. बेरीज १.४२. करंट १६२ अँपिअर. आता खात्री गेली. एमसीबी लगेच पडेलही, नाही पडलं तर तापून पडेपर्यंत काही सेकंद जातील. तेवढ्या वेळात त्या एकेका जोडावर अडीच किलोवॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होते. खाली कापडाचे गठ्ठे आणि हवेत धागे असतील तर पुढचं सांगायला नको.

ट्रंक शिवाय आत ४ चौ. मिमीची हिरवी वायर असेल तर : ०.३५ + ०.१५ + ०.१५ = ०.६५. करंट ३५० अँपिअरच्या वर. जोड कसेही असोत, एमसीबी पडणार.

म्हणजे हिरवी वायर घालायची ती पत्रा पातळ आहे म्हणून नाही. नऊ जोडांवर भरवसा नाही म्हणून घालायची.

तीन पद्धती, समोरासमोर

पद्धत १ : ट्रंक हाच अर्थचा रस्ता. वेगळी वायर नाही. तांत्रिकदृष्ट्या चालू शकते, पण प्रत्येक जोड तांब्याच्या पट्टीने बांधलेला, सुरुवातीला मोजलेला, आणि दरवर्षी परत मोजला जाणारा हवा. ज्या जागेला पगारी देखभाल माणूस आहे आणि ट्रंकला कोणी बाहेरचा हात लावत नाही, तिथे ठीक. भाड्याच्या गाळ्यात नको.

पद्धत २ : ट्रंकमधून एक सामाईक अर्थ वायर, तिच्यातून प्रत्येक मशीनला टॅप. माल कमी लागतो. पण दोन अटी. सामाईक वायरचा साइज त्या ट्रंकमधल्या सगळ्यात मोठ्या फेजवरून ठरवायचा. आणि टॅप घेताना मुख्य वायर कापायची नाही, नाहीतर एक मशीन काढलं की पुढची सगळी मशीनं अर्थविना राहतात.

पद्धत ३ : प्रत्येक सर्किटला त्याची स्वतःची हिरवी वायर, डीबीच्या अर्थ बारपासून मशीनच्या टर्मिनलपर्यंत सलग. शिवाय ट्रंकची बॉडी वेगळी अर्थ केलेली, जोडांवर पट्ट्या घालून. वायर सगळ्यात जास्त लागते. पण सर्किट बदललं, मशीन हललं, ट्रंकचा नग निघाला, तरी कुणाचा अर्थ तुटत नाही.

छोट्या वर्कशॉपसाठी माझी शिफारस स्पष्ट आहे : पद्धत ३. छोट्या धंद्यात मशीनं सतत हलतात, नवीन येतात, जुनी विकली जातात. जी पद्धत बदल सोसते ती घ्यावी.

हिरव्या वायरचा साइज लक्षात ठेवायला सोपा आहे. फेज १६ चौ. मिमीपर्यंत असेल तर अर्थ तेवढाच. फेज १६ ते ३५ असेल तर अर्थ १६. त्यापुढे फेजच्या निम्मा. हे दोन्ही तांब्याचे असतील तेव्हा.

आणि बाहेरून जाणारी उघडी जीआय तार? आपल्याकडे ८ गेजची जाड तार ट्रंकच्या बाहेरून ओढायची फार सवय आहे. दिसायला दणकट. तिचा हिशोब करा : व्यास ४ मिमीच्या थोडा वर, क्षेत्रफळ १३ चौ. मिमी. लोखंड म्हणून साडेआठने भागा. तांब्याच्या जेमतेम दीड चौ. मिमी एवढी तिची ताकद! ४ किंवा ६ चौ. मिमीच्या सर्किटला ही तार एकटी पुरत नाही. शिवाय फेज लोखंडी ट्रंकच्या आत आणि अर्थ बाहेर असला की एसी करंटला परतीचा रस्ता आणखी अवघड होतो. म्हणून सर्किटची फेज, न्यूट्रल आणि अर्थ एकाच ट्रंकमधून, शेजारी शेजारी न्या.

थ्री फेज मोटरचं एक वेगळं आहे. आपल्या सुरक्षा नियमांनुसार २५० व्होल्टच्या वरच्या स्थिर मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात. पहिली म्हणजे ट्रंकमधून आलेली हिरवी वायर. दुसरीसाठी भिंतीने २५ × ३ मिमीची जीआय पट्टी फिरवा आणि तिथून घ्या. एकाच बोल्टवर दोन लग चढवले म्हणजे दोन अर्थ झाले असं होत नाही. दोन बोल्ट, दोन वाटा.

जोड कसा करायचा

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून एक अट चालत आली आहे : वायर झाकणारं धातूचं आवरण अर्थ केलेलं हवं, आणि मधल्या प्रत्येक जंक्शन बॉक्सवर व उघड्या जागेवर ते पूर्ण लांबीत यांत्रिक आणि विद्युत दृष्टीने नीट जोडलेलं हवं. ही अट तुमच्या ट्रंकलाच लागू होते. ती पुरी करायची म्हणजे काय, ते यादीने सांगतो.

१. प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी किंवा लग लावलेली लवचिक वेणी. लगखालचं पावडर कोटिंग घासून धातू उघडा करा, आणि दातेरी वॉशर वापरा. रंगावर लग आवळलं तर ते फक्त शोभेला.

२. लग टिन केलेलं घ्या. उघडं तांबं थेट जीआयवर बसलं की दमट हवेत जस्त खाल्लं जातं. आवळून झाल्यावर घासलेल्या जागेवर पेट्रोलियम जेली किंवा जस्ताचा रंग लावा.

३. ट्रंकपासून मोटरपर्यंत जो लवचिक लोखंडी पाइप जातो, त्याला अर्थचा रस्ता समजू नका. तो गुंडाळलेली पट्टी आहे. त्याच्या आतून हिरवी वायर गेलीच पाहिजे.

४. ट्रंक जिथे डीबीत शिरतो तिथेही पट्टी. हा जोड सगळ्यात जास्त विसरला जातो. पॅनेलच्या उघडणाऱ्या दाराला वेगळी वेणी द्या, बिजागरीवर भरवसा नको.

५. न्यूट्रल आणि ट्रंक कुठेही जोडायचा नाही. "अर्थ येत नाही, न्यूट्रलवरून घे" हा उद्योग जीव घेतो. न्यूट्रल मागे कुठे तुटला तर ट्रंकभर फेज येते.

६. ड्राइव्ह लावलेली मशीनं असतील तर त्यांची थोडी गळती कायम चालू असते, आणि आरसीसीबी उगाच पडतो. त्यावर उपाय आरसीसीबी काढणं नाही. त्या मशीनला वेगळं सर्किट आणि ड्राइव्हच्या कंपनीने सांगितलेल्या टाइपचा आरसीसीबी द्या.

तपासणी : बल्ब लावून होत नाही

फेज आणि ट्रंकमध्ये १०० वॉटचा बल्ब लावायचा, फुल पेटला की अर्थ ओके. ही चाल अजून सर्रास चालते. त्या बल्बचा रोध साधारण ५३० ओहम. ट्रंकच्या रस्त्यात २० ओहमचा खराब जोड असला तरी करंट ०.४३ वरून ०.४२ अँपिअरवर येतो. डोळ्याला फरक दिसणारच नाही. आपल्याला शोधायचाय ०.१ ओहम! शिवाय ट्रंक अर्थपासून तुटलेला असेल तर तुम्ही स्वतःच बल्बमधून ट्रंकवर फेज सोडली.

बरोबर पद्धत अशी. सप्लाय बंद करा, कुलूप लावा, टेस्टरने खात्री करा. एक लांब वायर डीबीच्या अर्थ बारला जोडा. कमी रोध मोजणाऱ्या मीटरने, जो किमान २०० मिलिअँपिअर करंट सोडून मोजतो, ट्रंकच्या शेवटच्या टोकाशी आणि प्रत्येक मशीनच्या बॉडीशी रोध मोजा. लांब वायरचा स्वतःचा रोध वजा करा. मल्टिमीटरची "पीं" ऐकून काम संपवू नका, ती कित्येक ओहमलाही वाजते. सप्लाय सुरू केल्यावर फॉल्ट लूप मीटरने लूप, आणि आरसीसीबी टेस्टरने पडण्याची वेळ. मीटर महाग वाटत असतील तर दोन-तीन कॉन्ट्रॅक्टरांनी मिळून घ्या.

कोटेशनमध्ये कसं लिहायचं

आता धंद्याचं बोलू. "वायरिंग लमसम" असं लिहिलंत की गिऱ्हाईक फक्त शेवटचा आकडा बघतं, आणि जो हिरवी वायर गाळतो तो स्वस्त ठरतो. म्हणून अर्थिंगच्या ओळी सुट्या लिहा :

प्रत्येक सर्किटला फेजच्या साइजची सलग हिरवी वायर, मीटरमध्ये. ट्रंकच्या जोडांवर तांब्याच्या पट्ट्या, नगात. मोटरचा दुसरा अर्थ, पट्टीसह. ३० मिलिअँपिअर आरसीसीबी, नगात. आणि शेवटी, तपासणी व नोंदीचा कागद.

मग समोरचा "तो दुसरा कमीत करतोय" म्हणाला की शांतपणे सांगा, "साहेब, त्याच्या कोटेशनमध्ये या पाच ओळी आहेत का तेवढं बघा." भाव कमी करायचाच असेल तर ट्रंकचं फिनिशिंग बदला, दिवे साधे लावा. या ओळींना हात लावू नका.

काम संपल्यावर नोंदीचा कागद लॅमिनेट करून डीबीच्या दाराच्या आत चिकटवा : तारीख, पिटचा रोध, प्रत्येक मशीनपर्यंतचा अर्थचा रोध, आरसीसीबीची वेळ. पुढच्या वर्षी तपासणीला तुम्हालाच बोलावतील, कारण तुलना करायला आकडे तुमचेच आहेत.

एक गोष्ट ठासून सांगतो. हे काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर आणि वायरमनचं आहे. सविस्तर नियमांसाठी आयएस ३०४३ (अर्थिंग, २०१८) आणि आयएस ७३२ (वायरिंग, २०१९) ही भारतीय मानकं जवळ ठेवा. गाळामालकांनी हा लेख वाचून स्वतः पाना हातात घ्यायचा नाही, प्रश्न विचारायचे.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही केलेल्या कुठल्याही एका जुन्या कामावर जा. तीन गोष्टी बघा. सप्लाय अ प्रकारचा की ब? ट्रंकच्या किती जोडांवर पट्टी आहे? आणि डीबीपासून शेवटच्या मशीनच्या बॉडीपर्यंत अर्थचा रोध किती? हे तीन आकडे वहीत लिहा. आकडा वाईट आला तर गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही, कागद दाखवायचा आणि दुरुस्तीचं कोटेशन द्यायचं.

व्हिडिओत जोडावर पट्टी बसवण्याचं प्रात्यक्षिक आणि मीटरने मोजणी दोन्ही दाखवली आहेत, ती एकदा बघून घ्या. पुढच्या धड्यात अर्थ पिटकडे वळू : साधा की केमिकल, आणि उन्हाळ्यात त्याचा रोध का वाढतो. भेटूया.